डाळिंबाच्या सालीचे सहा लंगोट

बाळाच्या मांडीवर पहिला फोड दिसला तेव्हा मी बाळाकडं नीट पाहिलंच नाही. आधी लंगोटाकडं पाहिलं. लंगोट पिवळा होता, माझ्या हातचा होता.

बाळ माझं नव्हतं. नणंदेचं होतं, अठरा दिवसांचं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती देऊळघाटला आमच्या घरी आली होती. म्हणजे लेकरू दुसऱ्या घरचं आणि जबाबदारी आमची. त्यातही माझी, कारण सासूबाईंचे गुडघे धरलेले आणि नणंदेला टाके. पोट कापून बाळ काढलं होतं आणि टाक्यांना पू झाला होता. रोज पट्टी बदलायला नर्सताई घरी यायची आणि दर वेळी एकच वाक्य बोलायची, "जंतू लई वाईट हो, लेकराले जपा." हे वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की मला उठता-बसता जंतूच दिसायला लागले. पलंगाच्या कडेला जंतू, टॉवेलवर जंतू, आल्या-गेल्याच्या हातावर जंतू. बाळाचा मुका घ्यायला वाकलेल्या नात्यातल्या एका बाईला मी चक्क हात धरून मागं ओढलं होतं. अजून बोलत नाही ती माझ्याशी.

मी बुलढाण्याला एका प्रशिक्षण केंद्रात मुलींना कापड रंगवायला शिकवते. गृहविज्ञान शिकलेली आहे, आणि शिकलेली आहे हे मी कुणाला विसरू देत नाही, असं घरी माझे मालक म्हणतात. खरंच आहे ते. कॉलेजात असताना आम्ही सुती कापडावर वनस्पतींच्या अर्काचा प्रयोग केला होता. कडूनिंबाचा पाला सावलीत वाळवायचा, डाळिंबाची सालं कुटायची, दोन्ही पाण्यात मंद आचेवर उकळून गाळून घ्यायचं. कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढायचं म्हणजे अर्क धरून ठेवतं. मग अर्कात भिजवायचं, पिळायचं, सावलीत वाळवायचं. वाळलेल्या कापडाचा नाण्याएवढा तुकडा काचेच्या बशीत जंतू वाढवलेल्या थरावर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सगळ्या बशीत जंतूंची साय आणि कापडाभोवती मात्र स्वच्छ गोल. एकही जंतू नाही. तो गोल पाहून मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! लग्नात नवरा पाहूनही झाला नव्हता तेवढा.

तर नणंदेच्या टाक्यांना पू झाल्यावर मला तो गोल आठवला. आमच्याकडं नवं कापड बाळाच्या अंगाला लावत नाहीत, जुनेरच घालतात. सासूबाईंचं धुऊन धुऊन मऊसूत झालेलं पांढरं लुगडं होतं. त्याचे त्यांनी बारा तिकोनी लंगोट फाडले. त्यातले सहा मी अर्काला घेतले. प्रमाण नेहमीचं घ्यायला पाहिजे होतं, पण भीती माणसाला शहाणं राहू देत नाही. मी सालं दुप्पट घातली. पाला दुप्पट घातला. म्हटलं, जंतू बाळाच्या जवळपास फिरकायलाच नको.

सहा पिवळेधमक लंगोट अंगणात दोरीवर वाळत घातले तेव्हा आजूबाजूच्या बाया पाहायला आल्या. मी प्रत्येकीला सगळं सांगितलं, बशी, जंतू, गोल, सगळं. एक म्हणाली, "अवं माय, औषधाचे लंगोट! राजाच्या लेकराले नसन भेटत." मी फुगले. सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला आवडत नाही ती काळजी आली होती. नजरेची. चारच दिवसांपूर्वी मी त्यांना बाळाच्या गालावर काजळाची तीट लावण्यावरून बोलले होते. "आत्याबाई, काजळात काय काय असते मालूम हाय का? डोळ्यात गेलं म्हंजे?" माझ्यापुढं त्या फारशा बोलतच नाहीत. शिकलेल्या सुनेपुढं गप बसावं असं त्यांनी कधीतरी ठरवून टाकलंय.

दुसऱ्या दिवशी लंगोटांच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले. सहाही लंगोटांवर, ज्वारीच्या दाण्याएवढे. डाळिंबाच्या सालीला लोखंड लागलं की काळं पडतं, हे मी दरवर्षी मुलींना शिकवते. मी कडाडले, "आत्याबाई, लोखंडी घमेल्यात काऊन भिजवले तुमी हे?"

"असन बाप्पा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी डाग घासून पाहिले, निघाले नाहीत. म्हटलं जाऊ दे, लोखंडानं काय होतंय. आणि त्याच दिवसापासून बाळाला ते लंगोट बांधायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो फोड आला. मांडीच्या सांध्याजवळ, पाण्यानं भरलेला, भोवती लाल. दुसरा बेंबीखाली. बाळ रडत होतं आणि रडता रडता पाय पोटाशी घेत होतं. मला एकच गोष्ट सुचली, अर्क कडक झाला. दुप्पट सालं. दुप्पट पाला. मीच केलं हे. नणंदेच्या सासरचे काय म्हणतील, नवरा काय म्हणेल, केंद्रावर कळलं तर मुली काय म्हणतील, आणि या सगळ्यांच्या खाली, अगदी तळाशी, एक थंड विचार होता की हे अठरा दिवसांचं लेकरू आहे, याला काही झालं तर?

मी पिवळा लंगोट सोडला. बाळाला साध्या पाण्यानं पुसलं, पांढरा लंगोट बांधला. खोलीत असलेले तिन्ही पिवळे लंगोट गोळा करून माझ्या कपाटात साड्यांच्या खाली सारले. नणंद पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी हे सगळं इतक्या भराभर केलं की चोराला जमणार नाही.

नणंदेला ऑटोत बसवणं शक्य नव्हतं. बाळाला पाजून घेतलं आणि मी आणि सासूबाई त्याला घेऊन बुलढाण्याला बालरोगतज्ज्ञांकडं गेलो. रस्ताभर सासूबाई बाळाच्या तोंडाकडं पाहत देवाचं नाव घेत होत्या. मी देवाचं नाव घेत नव्हते. मी उत्तरं पाठ करत होते.

केबिनमध्ये एकालाच सोडत. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टर वयस्कर होते, शांत होते. फोड पाहिले, बाळाला उलटंपालटं केलं आणि विचारलं, "अंगाला काही लावता? तेल, पावडर, झाडपाला?"

"नाही."

"कापड कोणतं?"

आता सांग, माझ्या मनात आलं. आता सांगून टाक.

"साधं सुती," मी म्हणाले. "जुनं."

त्यांनी ते कागदावर लिहिलं. म्हणाले, जंतुसंसर्ग दिसतोय, मलम लावा, औषध द्या, स्वच्छ ठेवा, वाढलं तर भरती करावं लागेल. मी मान हलवत होते. मग बाहेर आले. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणे वं डाक्टर?"

"जंतू झाले म्हणे," मी म्हणाले. "स्वच्छ कापडात ठेवा म्हणे."

एवढंच बोलले मी. याच्यापुढं एक वाक्य बोलायला पाहिजे होतं, की पिवळे लंगोट आता वापरू नका. पण ते वाक्य बोललं तर त्या विचारणार, काऊन? आणि काऊनला माझ्याकडं उत्तर होतं, म्हणूनच मी बोलले नाही. तिन्ही लंगोट तर मी लपवलेच होते. उरलेले तीन कुठं आहेत हा विचारच मला शिवला नाही. घाबरलेल्या माणसाला समोर असतं तेवढंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर मुलींची परीक्षा होती, जावं लागलं. त्यांच्या समोर मी रंगांची भांडी मांडत होते आणि दर दहा मिनिटांनी घरी फोन लावत होते. नणंद म्हणायची, "झोपलं हाय." मग म्हणाली, "लई रडून राह्यलं वहिनी." मग फोन उचललाच नाही. एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, तुरटी आधी का नंतर?" आणि मला उत्तर आठवेना. पंधरा वर्षं शिकवतेय मी हे.

चार वाजता घरी पोहोचले. दारातूनच रडणं ऐकू येत होतं, आणि ते रडणं कालच्यासारखं नव्हतं, घोगरं झालं होतं. नणंद पलंगावर उठून बसली होती, पोटावर हात दाबून. सासूबाई मांडीवर बाळ घेऊन हलवत होत्या. आणि बाळाला पिवळा लंगोट होता.

"आत्याबाई!" मी ओरडले. "हा कुठून आला?"

"धुण्याच्या बोचक्यात होते ना तीन," त्या म्हणाल्या. "तूच म्हटलं ना वं जंतू झाले म्हून. तुह्या या औषधाच्या लंगोटानं जंतू मरतात ना? सकाळपासून त्याच्यातच ठेवलं म्या. साधा बांधलाच नाई."

मी लंगोट सोडला. सांध्याजवळचे फोड फुटून एक झाले होते. बेंबीखाली नवे आले होते, सगळी जागा सुजून लाल. बाळाचं अंग गरम लागत होतं. सासूबाई माझ्या तोंडाकडं पाहत होत्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, नुसता विश्वास. मी त्यांना सांगितलं तेवढंच त्यांनी केलं होतं.

या वेळी नणंद ऐकेना. "टाके तुटले तं तुटले," म्हणाली आणि ऑटोत बसली. प्रत्येक खड्ड्याला ती ओठ चावायची. बाळ रडायचं थांबलं की मी त्याच्या नाकाशी बोट धरायचे, श्वास चालू आहे का पाहायला. मग ते पुन्हा रडायचं आणि मला बरं वाटायचं. त्या अर्ध्या तासात मी काय काय कबूल केलं देवाला! कपाटातले लंगोट, दुप्पट सालं, खोटं उत्तर, सगळं. देवाला सांगणं सोपं असतं, तो ऑटोत बसलेला नसतो.

दवाखान्यात संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टर होत्या. तरुण, आमच्याच भागातल्या, बोलण्यावरून कळत होतं. बाळाची अवस्था पाहून त्यांनी आम्हा तिघींनाही आत येऊ दिलं. मी न विचारता पिशवीतून पिवळा लंगोट काढून टेबलावर ठेवला आणि एका दमात सांगितलं की मी हे अर्कात भिजवलेत, कडूनिंब आणि डाळिंब, जंतुनाशक म्हणून, प्रमाण जास्त झालं.

त्यांनी लंगोट उजेडात धरला. "हा डाग कसला?"

"लोखंडाचा," मी म्हणाले. "सालीत टॅनिन असतं, लोखंड लागलं की…"

"सगळ्यांवर असाच आहे? एकाच कोपऱ्यात?" त्यांनी नखानं डाग खरवडला. मग लंगोट बाळाच्या पोटाजवळ, न टेकवता, बांधतात तसा धरला. डाग बरोबर बेंबीखाली आला. "लोखंडाचा डाग असा चिकट नसतो, मॅडम."

मग दाराजवळून सासूबाईंचा आवाज आला, अगदी बारीक.

"बिब्ब्याचा हाय तो. म्या लावला."

तीट होती ती. बाळाला लावू दिली नाही म्हणून लंगोटाला. एवढ्या बाया येऊन लंगोटांना पाहून गेल्या, तोंड भरून बोलल्या, मग नजर लागणार नाही का? आणि काजळ तर पहिल्या धुण्यात जातं. बिब्ब्याचा ठिपका जात नाही, म्हणून तर परीट कपड्यांना खूण करतात त्याची. सासूबाईंनी सुई तापवून बिब्ब्यात खुपसली, वर आलेला काळा रस सहाही लंगोटांच्या कोपऱ्याला टेकवला, वरून चुन्याचं बोट लावलं. मला सांगितलं नाही, कारण मी बोलले असते. आणि बिब्बा अंगावर उततो, फोड येतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. "पण म्या चुना लावला होता ना वर," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "चुन्यानं मरते ना तो. अन् ठिपका तं वरल्या अंगाले ठेवला होता म्या." लंगोट मी बांधायचे. मला कुठलं अंग वरचं ते कुठं माहीत होतं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. बाळ समोर तळमळत होतं आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता, की माझ्या अर्कानं नाही झालं, बिब्ब्यानं झालं.

डॉक्टरबाईंनी बाळाला भरती करून घेतलं. मलाही सोडलं नाही त्यांनी. "जंतूंवर तपासलंत," म्हणाल्या, "कातडीवर कुणी तपासलं?" मग त्यांनी कालचा कागद उलगडला. "यावर साधं सुती कापड लिहिलंय. हे काल दाखवलं असतं तर कालच कळलं असतं."

नणंद माझ्याकडं पाहत होती. सासूबाई जमिनीकडं.

"काल साधंच होतं," मी म्हणाले. "हे आज बांधलंय."

अर्धं खरं होतं ते. काल दवाखान्यात आणताना बाळाच्या अंगावर खरंच साधा लंगोट होता. पण त्या अर्ध्या खऱ्यानं सगळं वजन एका माणसावर टाकलं, आणि ते माणूस दारात उभं राहून पदरानं डोळे पुसत होतं.

बाळ चार दिवसांनी घरी आलं. ताप उतरला, फोड सुकले, खपल्या पडल्या. पण नणंदेनं आईला त्याला हात लावू दिला नाही. "तू दूर राह्य माय," एवढंच म्हणायची. आंघोळ मी घालायची, तेल मी लावायचं, लंगोट मी बांधायचा. "वहिनी, तुमीच घ्या त्याले," ती म्हणायची आणि बाळ माझ्या हातात द्यायची. सासूबाई ओट्यावर बसून राहायच्या. चार लेकरं वाढवलेली बाई ती, गावातल्या निम्म्या पोरांना पहिली आंघोळ घातलेली. बाळ रडलं की त्यांचे हात आपोआप उठायचे आणि परत मांडीवर यायचे. रोज मी ठरवायचे आज सांगते, आणि रोज भ्यायचे. सांगितलं तर नणंद काय करेल? मालक काय करतील? सासूबाई माफ करतील, हे मला माहीत होतं, आणि त्याची तर सगळ्यात जास्त भीती वाटायची.

सव्वा महिना झाला, नणंदेच्या सासरची गाडी आली. सामान ठेवून झालं. नणंद आतल्या खोलीत पदर सावरत होती, बाळ माझ्या मांडीवर होतं. सासूबाई मागल्या दारानं आल्या आणि माझ्या कानाशी वाकल्या. पोटच्या पोरीला नाही, मला म्हणाल्या, "एक डाव लेकराचं तोंड पाहू देते का, तिले विचार ना वं. हात नाई लावत मी."

मला हुंदकाच फुटला. मी तशीच नणंदेपुढं उभी राहिले आणि बोलत सुटले. की पहिला फोड आला तेव्हा अंगावर पिवळाच लंगोट होता. की मी तो सोडून कपाटात लपवला. की डॉक्टरांनी विचारलं आणि मी खोटं सांगितलं. की घरी येऊन एक शब्द बोलले असते तर तुमच्या मायनं दुसऱ्या दिवशी तो बांधला नसता. मागोमाग आलेल्या सासूबाई मध्येच म्हणाल्या, "जाऊ दे वं, झालं ते झालं," आणि मी त्यांना गप केलं.

नणंदेनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. माझ्या हातातून बाळ घेतलं, आईजवळ गेली आणि तिच्या दोन्ही हातांवर ठेवलं. सासूबाईंचे हात इतके कापत होते की नणंदेनं खालून आपले हात लावले.

मग ती माझ्याकडं वळली. "मायच्या हातून चूक झाली, वहिनी," ती म्हणाली. "तुमच्या हातून चूक नाई झाली. तुमी जाणून केलं."

गाडीत बसेपर्यंत बाळ सासूबाईंच्याच हातात होतं. मला कुणी जवळ बोलावलं नाही, आणि मी गेलेही नाही.